त्वचेला तांब्याचा किंवा चांदण्याचा रंग द्यायचा आहे, पण चेहरा रंगवलेला वाटतो. चुकतंय कुठे?

अवनी_क्लिक

नमस्कार मंडळी,

गेले तीन महिने मी पोर्ट्रेटची एक मालिका करते आहे. चेहरा एकच, रंग आठ. सहा फोटो मनासारखे झाले, दोन मात्र अडून बसलेत.

पहिला तांब्याचा. चेहरा ओतीव तांब्याचा दिसावा आणि डोळे तेवढे जिवंत माणसाचे असावेत, अशी कल्पना आहे. दुसरा चांदण्यातला. कांती निळसर हवी, पण आजारी नको.

आतापर्यंत केलं ते असं: फोटोशॉपमध्ये त्वचेचा मास्क (बदल त्वचेपुरताच राहावा म्हणून), त्यावर सॉलिड कलरचा, म्हणजे एकाच सपाट रंगाचा लेअर, आणि तो खालच्या फोटोत कसा मिसळायचा ते ठरवणारा ब्लेंड मोड ‘कलर’. रंग येतो, पण चेहऱ्यावर रंगाचा ब्रश फिरवल्यासारखं दिसतं. ओपॅसिटी, म्हणजे लेअरचा दाटपणा, कमी केली की नुसता मळकटपणा उरतो. ह्यू-सॅच्युरेशनमध्ये ‘कलराइझ’ करून पाहिलं, तेच. मास्कच्या कडांवर दोन रात्री घालवल्यात, तिथे काही खोट नाही. मग हे प्लास्टिकपण येतं कुठून?

तुम्ही असं काही केलं असेल तर सविस्तर सांगा. सॉफ्टवेअर कुठलंही चालेल.

लेन्सवाला

ओपॅसिटी ६० टक्के आणि ब्लेंड मोड ‘सॉफ्ट लाइट’. माझं काम तेवढ्यात भागतं.

रंगवेडा

लेन्सवाला, सॉफ्ट लाइटने हलकी छटा येईल, पण त्यांना अख्खा चेहरा तांब्याचा करायचाय. तेवढ्याने नाही भागणार.

अवनीताई, दोष मास्कचा नाही, ब्लेंड मोडच्या स्वभावाचा आहे. ‘कलर’ मोड वरच्या लेअरचा ह्यू (रंग कुठला) आणि सॅच्युरेशन (तो किती तीव्र) दोन्ही घेतो, खालच्या फोटोची फक्त उजेड-अंधाराची माहिती ठेवतो. म्हणजे कपाळ, गाल, नाक, हनुवटी सगळ्यांचा ह्यू एकच झाला, सॅच्युरेशनही एकच. अशी त्वचा जगात कुणाचीच नसते. डोळ्याला ते पटकन कळतं, कारण जन्मापासून आपण सगळ्यात जास्त काय पाहिलं असेल तर माणसांचे चेहरे.

मोड बदलून ‘ह्यू’ करून बघा. मूळ सॅच्युरेशनमधले चढउतार निदान शिल्लक राहतील.

ओलीशाई

मी मुळात रंग-ब्रशवाली, फोटो एडिटिंगकडे उशिरा वळले. पोर्ट्रेट रंगवायला शिकताना पहिल्याच आठवड्यात एक गोष्ट डोक्यात बसवली जाते: चेहऱ्याचे आडवे तीन पट्टे. कपाळ पिवळसर, कारण तिथे त्वचा हाडाला चिकटलेली आणि रक्त कमी. मधला पट्टा, म्हणजे गाल, नाक, कान, लालसर. खालचा पट्टा थंड, करडा किंवा हिरवट-निळसर, विशेषतः दाढी येणाऱ्यांचा. गोऱ्या चेहऱ्यावर हे ढळढळीत दिसतं, सावळ्यावर थोडं शोधावं लागतं, पण असतं नक्की.

तुमचा मूळ फोटो मोठा करून आयड्रॉपरने नाकाच्या शेंड्यावरचा, कपाळावरचा आणि हनुवटीखालचा रंग उचला. तीन चौकोन शेजारी शेजारी भरा. एकाच माणसाचे आहेत यावर विश्वास बसणार नाही. हाच फरक तुमच्या सॉलिड कलरने पुसला गेलाय.

अवनी_क्लिक

ओलीशाई, आत्ताच करून पाहिलं. नाकाच्या शेंड्याचा चौकोन जवळजवळ विटेच्या रंगाचा निघाला आणि हनुवटीखालचा मातकट हिरवा! तीन महिने याच चेहऱ्यावर काम करते आहे आणि हे दिसलंच नव्हतं.

रंगवेडा, ‘ह्यू’ मोडने तांबं बरंच सुधारलं. निळा मात्र अजून निर्जीवच.

मृगजळ

ग्रेडियंट मॅप वापरा. सावलीला एक रंग, मधल्या उजेडाला दुसरा, हायलाइटला, म्हणजे सगळ्यात उजळ जागांना, तिसरा. तांब्यासाठी मी साधारण असे लाल-हिरवा-निळा आकडे धरते: सावली ३८-१४-१०, मधला १५०-७८-४५, हायलाइट २५५-२०५-१५०. एकच सपाट रंग नसल्यामुळे खोली आपोआप येते.

रंगवेडा

ग्रेडियंट मॅप मलाही आवडतो, पण त्याची एक खोड सांगून ठेवतो. तो फक्त उजेड बघतो. ओठ आणि गालाखालची सावली सारख्याच उजेडाची असली तर दोघांना तो एकच रंग देतो. ओठ चेहऱ्यात विरघळून जातात. म्हणून मी तो १०० टक्क्यांवर ठेवत नाही, ५५ ते ७० च्या मध्ये कुठेतरी थांबतो. खालचा मूळ फरक थोडा झिरपून वर यायला हवा.

काळापांढरा

मी कृष्णधवलवाला, तरी बोलतो, कारण हे सगळं चॅनेलमध्ये, म्हणजे फोटोतल्या एकेका रंगाच्या प्रकाशाच्या थरात, आधीच लिहिलेलं असतं. कुठलाही चेहरा उघडा आणि लाल, हिरवा, निळा असे तिन्ही चॅनेल वेगवेगळे बघा. लालमध्ये त्वचा उजळ आणि गुळगुळीत. निळ्यात तीच काळवंडलेली, डागाळलेली, प्रत्येक तीळ आणि वांग उठून दिसणारी.

मेलॅनिन निळा प्रकाश जास्त शोषतं आणि लालकडे जावं तसं कमी. रक्तातलं हिमोग्लोबिन हिरव्या-पिवळ्या पट्ट्यात शोषतं, ५४२ आणि ५७७ नॅनोमीटरच्या आसपास. म्हणून गालावरची लाली हिरव्या चॅनेलमध्ये काळी दिसते. माणूस कुठलाही असो, मुख्य रंगद्रव्यं हीच दोन, प्रमाण तेवढं वेगळं.

व्हिडिओचे रंग जुळवणाऱ्यांच्या व्हेक्टरस्कोपवर, म्हणजे रंग दाखवणाऱ्या गोल आलेखावर, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये एक तिरपी रेघ असते, तिला स्किन टोन लाइन म्हणतात. पांढऱ्या उजेडातली गोरी त्वचा घ्या, गव्हाळ घ्या, गडद काळी घ्या, सगळ्या त्या रेघेच्या आसपासच पडतात. फरक उजेडात आणि सॅच्युरेशनमध्ये जास्त, ह्यूमध्ये त्या मानाने फारच थोडा.

पिक्सेलपंत

काळापांढरा, उत्तम माहिती, वाचनखूण साठवली. कृष्णधवलवाल्याने रंगाच्या धाग्यावर सगळ्यात रंगीत प्रतिसाद दिलाय. :)

मृगजळ

अवांतर होईल, पण रेघेचा विषय निघालाच आहे तर बोलते. रेघ एक असली तरी तयार प्रीसेट (एका क्लिकने लागणारे रंगबदल) सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत. माझी एक मैत्रीण खूप सावळी आहे. तिच्या फोटोला एक विकतचा फिकट, पेस्टल प्रीसेट लावला आणि तिचा चेहरा राख फासल्यासारखा झाला. उघडून बघितलं तर प्रीसेटने केशरीचं सॅच्युरेशन खाली ओढलं होतं आणि उजेड वर चढवला होता. फिकट त्वचेवर तेच नाजूक दिसतं. गडद त्वचेची सगळी ऊब त्या केशरी-लालमध्येच असते. ती काढली की खाली करडंच उरतं.

तेव्हापासून मी गडद त्वचेला आधी लाल चॅनेल बघते, मग केशरी. सावल्या उबदार ठेवते आणि चेहऱ्यावरची चकाकी वाढवते, कारण त्या त्वचेचं सौंदर्य चकाकीत फार आहे.

लेन्सवाला

हे दुखणं फिल्मच्या काळापासूनचं आहे. कोडॅकची ‘शर्ली कार्ड’ १९५० च्या दशकापासून फोटो छापणाऱ्या लॅबमध्ये असायची. एका गोऱ्या बाईचा फोटो, आणि त्याच्याशी जुळवून प्रिंटचे रंग ठरायचे. गडद चेहऱ्यांचे बारकावे त्यात मारले जायचे. अनेक वंशांच्या चेहऱ्यांची कार्डं यायला १९९० चं दशक उजाडलं. आता त्वचेच्या छटा मोजायला गूगलने २०२२ मध्ये मांडलेली मंक स्केल आहे, तिच्यात दहा छटा. त्याआधी त्वचारोगतज्ज्ञांची १९७५ पासूनची फिट्झपॅट्रिक स्केल वापरायचे, तिच्यात सहाच.

सायंतारा

विषय निघालाच आहे तर माझंही एक मत. अवनीताई करताहेत ती कल्पना आहे. तांब्याचा चेहरा बघून कुणी फसत नाही, तिथे हवं ते करावं. पण कलात्मक टोनच्या नावाखाली न विचारता माणसाला दोन छटा उजळ करून देणं मला पटत नाही. माझ्या बहिणीचा एक फोटो असाच ‘सुंदर’ होऊन आला होता. तिने तो बघितला आणि एवढंच म्हणाली, “ही कोण?” तो फोटो आमच्याकडे कुणीच लावला नाही. केशरीचा ल्युमिनन्स (उजेड) स्लायडर उजवीकडे नेण्याआधी समोरच्याला विचारा, एवढंच म्हणणं आहे.

रंगवेडा

सायंतारा, पूर्ण सहमत.

अवनी_क्लिक

सायंतारा, माझ्या मालिकेतली मुलगी प्रत्येक फोटो बघते आणि नको असेल तर नको म्हणते. एक जांभळा तिने रद्द करवला, आणि तिचं बरोबर होतं.

आता परत माझ्या रडगाण्याकडे. :) निळ्यासाठी सांगा ना कुणीतरी. ह्यूचा स्लायडर १८० अंश फिरवला तर निळा येतो, चढउतारही टिकतात. पण गाल हिरवट दिसतात. कपाळ छान निळं आणि गाल बुळबुळीत शेवाळी. असं का होतं?

काळापांढरा

कारण स्लायडर रंगचक्र फिरवतो, उलटवत नाही. गालाचा लालसर ह्यू समजा १०, कपाळाचा पिवळसर ३५. १८० मिळवा. गाल १९० म्हणजे सायन, कपाळ २१५ म्हणजे निळं. लालसर भाग हिरव्याच्या जवळ गेला. आपल्या डोळ्याला हवं असतं ते बरोबर उलट: रक्ताची जागा जांभळ्याकडे झुकायला हवी. चक्र कितीही फिरवा, क्रम तोच राहणार.

उपाय लॅब मोडमध्ये आहे, म्हणजे रंग आणि उजेड वेगळे ठेवणाऱ्या पद्धतीत. तिथे ‘ए’ चॅनेल हिरवा ते किरमिजी आणि ‘बी’ चॅनेल निळा ते पिवळा. उजेड वेगळ्याच चॅनेलमध्ये, त्याला हातही लागत नाही. कर्व्हमध्ये, म्हणजे जुन्या आकड्यांचे नवे ठरवणाऱ्या आलेखात, ‘बी’ची रेघ पूर्ण उलटी करा, डावं टोक वर, उजवं टोक खाली. पिवळं होतं ते निळं झालं, लालीला धक्का नाही. आता सगळा चेहरा जांभळट दिसेल. मग ‘ए’ची अख्खी रेघ साधारण १५ ने खाली सरकवा.

हिशोब करून बघा. कपाळ ‘ए’ १०, ‘बी’ २० होतं, ते वजा ५, वजा २० झालं: स्वच्छ थंड निळं. गाल २० आणि १४ होता, तो ५ आणि वजा १४ झाला: निळा, पण जांभळ्याकडे झुकलेला. लाली लालीच्याच जागी राहिली, फक्त तिची भाषा बदलली.

१६ बिटमध्ये करा, ८ बिटमध्ये रंगाच्या पायऱ्या कमी असल्याने कपाळावर पट्टे उमटतात. आणि डोळ्यांचा पांढरा भाग, दात मास्कमधून वगळा, नाहीतर ‘ए’ सरकवल्यावर ते हिरवट होतील.

गिंपप्रेमी

गिंप या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्येही जमतं. ‘डीकम्पोज’ने लॅबचे तीन लेअर करा, बीचा लेअर इन्व्हर्ट करा, ए थोडा गडद करा, परत ‘कम्पोज’. माझ्या जुन्या मशीनवर दोन मिनिटांचं काम. पैसे शून्य.

ओलीशाई

काळापांढरा यांनी गणिताने सिद्ध केलं ते आम्ही रंगांच्या ताटलीत अंदाजाने करतो. निळ्या चेहऱ्याचे गाल जांभळे, हिरव्या चेहऱ्याचे गाल मातकट तपकिरी. वाचून फार आनंद झाला.

चांदण्याबद्दल आणखी एक. मंद उजेडात डोळ्याची नजर निळ्या-हिरव्याकडे सरकते, त्याला पुर्किंये परिणाम म्हणतात. लख्ख उजेडात डोळा ५५५ नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सगळ्यात तेज असतो, अंधारात ५०७ च्या आसपास. म्हणून रात्री लाल फूल आधी काळं पडतं आणि पानं बराच वेळ दिसत राहतात. तुमच्या चांदण्याच्या फोटोत ओठ अजून गुलाबी असतील तर कितीही निळं करा, ती रात्र वाटणार नाही. निळं करण्याआधी लालचा उजेड खाली आणा. ओठ जवळजवळ काळपट होऊ द्या.

मृगजळ

आणि हायलाइट पांढरे ठेवा! निळी त्वचा करताना बहुतेक जण इथे घसरतात. नाकाच्या शेंड्यावरची चकाकी त्वचेच्या आतून येत नाही, वरच्या तेलकट थरावरून परततो तो सरळ दिव्याचा प्रकाश. तिचा रंग दिव्याचा असतो, त्वचेचा नाही. लेअर स्टाइलमधल्या, उजेडानुसार लेअर लपवणाऱ्या ‘ब्लेंड इफ’मध्ये खालच्या लेअरचा पांढरा त्रिकोण आल्ट दाबून दोन भागांत तोडा आणि एक भाग डावीकडे ओढा. हायलाइट अलगद सुटतात. मी तांब्यालाही हेच करते.

रंगवेडा

मृगजळ, तांब्याबाबत इथे मी कडाडून विरोध करणार. त्वचेचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. धातूचा नियम वेगळा आहे. धातूची चकाकी धातूच्याच रंगाची असते. तांब्याच्या भांड्यावर पांढरा दिवा पडला तरी उजेडाचा ठिपका केशरी-गुलाबी दिसतो. सोन्यावर पिवळा. पांढरी चकाकी ठेवली की डोळा म्हणतो, हा तांब्याच्या रंगाचा ऑइलपेंट आहे, तांबं नाही. अवनीताईंनी पहिल्या प्रतिसादापासून तक्रार केली ती हीच.

मृगजळ

हं. स्वयंपाकघरातून तांब्याचं भांडं आणून टेबल लॅम्पखाली धरलं. रंगवेडा, बरोबर आहे तुमचं. माझे दोन जुने फोटो परत उघडावे लागणार.

अवनी_क्लिक

पण हायलाइटला रंग लागतच नाहीये. तांब्याच्या लेअरखाली नाकावरचा ठिपका पांढराशुभ्रच राहतो.

रंगवेडा

लागणार नाही. ‘कलर’ आणि ‘ह्यू’ दोन्ही मोड उजेड बदलत नाहीत, आणि पूर्ण पांढऱ्या उजेडात रंगाला जागाच नसते. आधी कर्व्हमध्ये सगळ्यात वरचं टोक २५५ (पूर्ण पांढरं) वरून २२५ पर्यंत खाली घ्या, मग तांब्याचा रंग बसेल. किंवा फक्त हायलाइटच्या मास्कमध्ये खालचं गडद करणाऱ्या ‘मल्टिप्लाय’ मोडचा फिकट केशरी लेअर टाका.

दुसरं, कॉन्ट्रास्ट वाढवा. त्वचेत प्रकाश आत शिरतो, पसरतो आणि बाहेर येतो, म्हणून उजेड-सावलीची सीमा मऊ असते आणि त्या सीमेवर लालसर झाक दिसते. धातूत प्रकाश शिरत नाही. तिथे सावली एकदम गडद, कडा धारदार. सीमेवरची लाल झाक काढून टाका.

सायंतारा

आणि कान! पाठीमागून उजेड असेल तर कानाची पाळी लालबुंद चमकते. तांब्याच्या पुतळ्याचे कान पारदर्शक असले तर कसं चालेल? :)

पिक्सेलपंत

सायंतारा, हसून मेलो, आणि लगेच स्वतःच्या एका फोटोतले कान तपासले.

लेन्सवाला

मला एक विचारायचंय अवनी, मूळ फाइल रॉ (कॅमेऱ्याची कच्ची नोंद) आहे की जेपेग (आकसलेली)?

अवनी_क्लिक

चांदण्याची जेपेगच आहे. त्या दिवशी कॅमेऱ्याची बॅटरी संपली म्हणून फोनने काढला होता. का हो?

लेन्सवाला

केसांच्या कडेला निळे-केशरी चौकोनी ठिपके दिसत असतील, म्हणून विचारलं. बहुतेक जेपेगमध्ये उजेडाची माहिती पूर्ण ठेवतात, रंगाची मात्र दोन्ही दिशांनी निम्मी करून. चार पिक्सेलमागे रंगाचा एकच नमुना. नेहमीच्या फोटोत ते कळत नाही, पण केशरीचा निळा केला की कडेकडेने फुटतं. शिवाय ८ बिट. रॉ साधारण १२ किंवा १४ बिटचं असतं, तिथे ओढाताण सहन होते. शक्य असेल तर चांदण्याचा परत काढा. नाही जमलं तर ‘बी’चा चॅनेल एक-दोन पिक्सेल ब्लर करा. उजेडाचा चॅनेल शाबूत असल्याने धार जात नाही.

ओलीशाई

परत काढणार असाल तर कपड्यांकडे बघा. त्वचेचा रंग शेजारच्या वस्तूंवर सांडतो. मुलीने पांढरी कॉलर घातली असेल तर हनुवटीखाली कॉलरवर केशरी झाक पडलेली असेल. चेहरा निळा झाला आणि कॉलरवर केशरी उरलं, की सगळं खोटं पडतं.

अवनी_क्लिक

चार दिवसांनी येते आहे, धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व.

चांदण्याचा फोटो परत काढला, रॉमध्ये, खिडकीच्या मऊ उजेडात. आधी लालचा उजेड उतरवला, मग लॅब. ‘ए’ १५ ने सरकवला तर तिचा चेहरा जास्तच थंड झाला, ११ वर थांबले. गाल जांभळट निळे, कपाळ शांत निळं, ओठ काळपट जांभळे. कॉलरवर खरंच केशरी झाक होती, बोटभर रुंद. तिथे सॅच्युरेशन काढून किंचित निळं भरलं आणि तेवढ्या एका गोष्टीने चेहरा त्या कपड्यांमध्ये बसला. नाकावरचा ठिपका मृगजळ म्हणाल्या तसा दिव्याच्या रंगाचा, म्हणजे इथे फिकट निळसर पांढरा, ठेवलाय.

तांब्यात ग्रेडियंट मॅप ६५ टक्के, वरचं टोक २२८, हायलाइटला मल्टिप्लाय. पापणीच्या कडेशी जिथे ओलावा आहे तिथे मात्र मी तांबं थांबवलं आणि चकाकी पांढरी ठेवली. त्यामुळे डोळे धातूच्या आत अडकलेल्या माणसाचे वाटतात. मुलीने तोच फोटो सगळ्यात जास्त वेळ बघितला. दोन्ही खाली जोडलेत.

काळापांढरा

चांदण्याचा अप्रतिम. डोळ्यांखालच्या सावलीतला जांभळा विशेष आवडला.

छापणार असाल तर आधी सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल त्याची पडद्यावरची झलक, बघा. पडद्यावरचे गडद निळे सीएमवायके (चार शाईंच्या) छपाईत बसत नाहीत, बरेचदा जांभळ्याकडे घसरतात. तुमचे गाल आधीच जांभळट आहेत, कपाळही तिकडे गेलं तर दोघांतला फरक मिटेल. छापायच्या प्रतीत किरमिजी थोडा कमी ठेवा.

रंगवेडा

पापणीच्या कडेची ती ओली पांढरी रेघ! मी हायलाइटवर एवढं बोललो आणि ही गोष्ट मला सुचली नसती.

सायंतारा

दोन्ही फार सुंदर. कानही तांब्याचे आहेत, तपासलं. फक्त तांब्याच्या फोटोत गालाला टेकलेल्या हाताची नखं बघा, दोन अजून गुलाबी आहेत.

अवनी_क्लिक

अरे हो! अनामिका आणि करंगळी. आत्ता करते.